सोलापूरच्या उन्हात खताची बादली, शिळं पाणी आणि सासूबाईंची गाठोडी

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात फ्लॅट, घरात पाच माणसं. मार्चमध्ये हौसेनं गच्चीवर खताची बादली सुरू केली. मेपर्यंत आतलं सगळं खडखडीत वाळलं, म्हणून पाणी ओतलं तर वास सुटला आणि अळ्या झाल्या. सासूबाई पिशव्या, डबे, जुनी कापडं काहीच टाकू देत नाहीत, कॉटखाली जागा उरलेली नाही. नवऱ्याचं म्हणणं, घंटागाडीत शेवटी सगळं एकत्रच पडतं, मग आपण वेगळं करून काय उपयोग? सुरुवात कुठून करायची?

ताई, अठरा वर्षं झाली, मी सोलापुरातल्या घराघरांत आणि सोसायट्यांत जाऊन हेच काम करते आहे. माहेर पूर्व भागातलं, वडील यंत्रमागावर होते. त्यामुळे काटकसर मला कुणी शिकवायला लागली नाही. कचऱ्याचं शास्त्र मात्र चुका करत शिकले.

तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते पटलं नाही तर बाकी सगळं महिनाभरात बंद पडतं. त्यांचा राग खोटा नाही. एका सोसायटीत लोकांनी दोन वर्षं मनापासून वेगळा केलेला कचरा खाली एकाच पिंपात ओतला जात होता. कळलं त्या दिवशी तिथल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही. तेव्हापासून मी एक ठरवलं, गाडीवर अवलंबून राहील अशी पद्धत कुणाला सांगायचीच नाही. ओलं घरातच जिरवायचं, सुकं भंगारवाल्याला द्यायचं. मग गाडीत जातं काय? चिप्सची पाकिटं, पॅड-डायपर, झाडलोट. पाच माणसांच्या घरातून दिवसाला ओंजळभर. ते एकत्र पडलं तरी आपण वेगळं केलेलं वाया जात नाही, कारण ते गाडीपर्यंत गेलेलंच नसतं.

एक आठवडा वजन करून बघा. साधा ताणकाटा पुरतो. चार-पाच माणसांच्या स्वयंपाकघरातून रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो, आणि त्यात सत्तर-ऐंशी टक्के नुसतं पाणी असतं. हे पाणी कागदाला, पुठ्ठ्याला, दुधाच्या पिशवीला लागलं की त्या वस्तूची किंमत संपते. उलट ओल्यात प्लास्टिक मिसळलं की त्याचं ना नीट खत होतं ना गॅस. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले, त्यामागचं कारण हेच. तुळजापूर रस्त्यावरच्या डेपोत पोचल्यावर निवडत बसणं म्हणजे भातात सांडलेली मोहरी वेचणं. आपल्या ओट्यावर ते काम दोन सेकंदांचं असतं.

आता तुमची बादली.

खताची माहिती आपण बहुतेक पुण्या-मुंबईच्या लोकांकडून ऐकतो. त्यांचा त्रास ओल जास्त होण्याचा. आपल्याकडे पाऊस बेताचाच, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि वारा असा की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक. अशा गच्चीवर उन्हात बादली ठेवलीत तर आत खत होत नाही, वाळवण होतं. कुजवणारे जिवाणू पाण्याशिवाय काम करत नाहीत. त्यांना निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे पन्नास ते साठ टक्के ओल लागते. ती गेली की ते थांबतात. कचरा वाळून जसाच्या तसा राहतो आणि आपल्याला वाटतं की जागा कमी झाली म्हणजे खत झालं.

मग तुम्ही पाणी ओतलंत. वाळलेला थर पाणी धरत नाही, ते कडेकडेनं थेट तळाला जातं. वर कोरडं, खाली चिखल. चिखलात हवा शिरत नाही आणि हवेशिवाय कुजायला लागलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तुमचा वास तोच असणार. आंबट वास येत असेल तर ओलं जास्त, कोरडं कमी पडलंय. नाकाला झोंबणारा वास असेल तर वरण-उसळी फार पडल्यात, त्यात कोरडा पाला वाढवायचा. नाकावर विश्वास ठेवा, ते कुठल्याही यंत्रापेक्षा आधी सांगतं.

अळ्यांना घाबरू नका. करड्या-तपकिरी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. ही माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्यानं संपवतात. मी तर त्यांना मदतनीस मानते. बारीक पांढऱ्या अळ्या झाल्या असतील तर उघडं अन्न वर राहिलंय, त्यावर कोरड्याचा जाड थर द्या, दोन-तीन दिवसांत कमी होतात.

जुनी बादली टाकून देऊ नका. गोणपाटावर पालथी करा, ढेकळं हातानं फोडा, तळाचा चिखल आणि वरचं वाळलेलं एकत्र कालवा. त्यात जेवढं आहे तेवढंच कोरडं मिसळा, वर वाटीभर आंबट ताक आणि कुणाकडचं तयार खत मिळालं तर दोन मुठी. मग पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. आपण भाकरीचं पीठ भिजवताना हात ओला करून शिंतोडे मारतो तसं, कालवत कालवत. मूठभर उचलून घट्ट दाबा. बोटांतून पाणी ओघळलं तर जास्त झालं. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर कमी. लाडू वळून राहिला आणि तळहात नुसता ओलसर झाला की बरोबर. ही मुठीची परीक्षा मी प्रत्येकीला हात धरून करायला लावते, कारण सांगून ती कळत नाही.

बादलीसाठी रंगाची वीस लिटरची चालते. तापवलेल्या खिळ्यानं चहूबाजूंनी आणि तळाला भोकं पाडायची, तळात दोन बोटं नारळाच्या शेंड्या, खाली दोन विटा. जागा सावलीची हवी, जिन्याखाली किंवा उत्तरेकडच्या गॅलरीत. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत वर ओलं गोणपाट टाकायचं आणि दिवसाआड शिंतोडे मारायचे. पावसाळ्यात गोणपाट काढून नुसतं झाकण. अशी सांभाळली तर उन्हाळ्यात चाळीस-पन्नास दिवसांत खत होतं, थंडीत दोन महिन्यांच्या वर जातं. बादलीएवढ्या ढिगाला फार ऊब धरत नाही, आत हात घातल्यावर कोमट लागलं तरी पुरे.

कोरडं काय घालायचं, यात मात्र सोलापूर श्रीमंत आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की कार्बनचे पंचवीस-तीस भाग तर नायट्रोजनचा एक. घरात एवढं लक्षात ठेवा: एक वाटी भाजीच्या काड्या-सालीला एक वाटी कोरडं. भर उन्हाळ्यात अर्धी वाटी चालते, कारण हवाच ओल ओढून घेते. शेंगाचटणी आपल्याकडे घरोघरी होते, तिच्या शेंगांची टरफलं फुकट जाऊ देऊ नका. अख्खी घातली तर महिनोन्महिने तशीच राहतात, म्हणून गोणपाटात घालून लाटण्यानं किंवा पायानं चुरायची आणि डाळ-तांदळाच्या धुवणात रात्रभर भिजवायची. मग छान जिरतात आणि मध्ये हवा खेळती ठेवतात. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं उन्हात वाळवून बारीक केली तर तीही उत्तम, पण ताजी घालू नका, गोडव्यावर मुंग्या आणि चिलटं येतात. कडुनिंबाचा गळलेला पाला चालतो, नुसता तोच घालू नये, दुसऱ्या पाल्यात मिसळावा. सुतारकामाचा भुसा चालतो, प्लायवूडचा नको, त्यात चिकटवण्याचं रसायन असतं. देवाच्या हारांतला दोरा आणि जर काढून फुलं घालावीत. आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या, हाडं यांना वर्ष लागतं, ती बाजूलाच ठेवा. मिठा-तेलाचं उरलेलं कालवण गाळून नुसता चोथा, तोही थोडाच.

शिंतोड्यांना पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न आपल्या गावात खराच आहे. उजनी धरणात पाणी असो नसो, आपल्या नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. आणि मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पाणी येण्याच्या दिवशी. नळ आला की गल्लीभर पिंपं, कळश्या उलट्या होतात. “शिळं” पाणी गटारात आणि “ताजं” घरात. माझी आईही असंच करायची, तिला पटवायला मला दोन उन्हाळे लागले. झाकून ठेवलेलं, दांड्याच्या ओगराळ्यानं काढलेलं, हात न बुडवलेलं पाणी चार दिवसांत नासत नाही. प्यायचं पाणी गाळून-उकळून घ्या, ते तर ताज्या पाण्याचंही करायला हवं. उरलेलं पाणी नळ यायच्या आदल्या संध्याकाळी वापरात आणायचं. चादरी त्या दिवशी धुवायच्या, फरशी त्या दिवशी पुसायची, आणि खताच्या बादलीला, कुंड्यांना तेच द्यायचं.

पिंप रिकामं होतंच, तर ते कोरड्या काथ्यानं आतून घासायला मात्र विसरू नका. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवतो, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी बदललं तर अंडी तिथंच असतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा घासलं की साखळी तुटते. पाणी फेकण्यानं डास जात नाही, घासण्यानं जातो.

घरात आरओ असेल तर त्याच्या बाहेर जाणाऱ्या नळीखाली बादली ठेवा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं. ते संडासाला, फरशीला वापरा. रोज कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात आणि मातीवर पांढरा थर धरतो.

आता सासूबाई. ताई, खरं सांगते, तुमच्या घरात या विषयातली जाणकार त्या आहेत. त्यांची सवय चुकीची नाही, साठवण बिघडली आहे. एवढंच करा, त्यांच्यासोबत बसून कॉटखालचं सगळं बाहेर काढा आणि तीन ढीग लावा: वर्षभरात वापरलेलं, विकण्यासारखं, आणि कापड.

विकण्यासारख्यात रद्दी, पुठ्ठा, पत्रा, लोखंड, काच, पाण्याच्या बाटल्या, जाड प्लास्टिकचे डबे आणि दुधाच्या पिशव्या. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. 1, 2 आणि 5 सहसा भंगारवाला आनंदानं घेतो. थर्माकोल, चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, टूथपेस्टच्या नळ्या सहसा कुणी घेत नाही, म्हणून ती विकत घेतानाच हात आखडता घ्यावा. हल्ली ही पाकिटं पाण्याच्या बाटलीत कोंबून तिची वीट करतात. मला ते पटत नाही. विकली जाणारी चांगली बाटली आपण कायमची अडकवून ठेवतो.

दुधाच्या पिशवीचं जरा नीट सांगते, कारण रोज एक-दोन पिशव्या म्हणजे वर्षाला साडेतीनशे ते सातशे. कोपरा कापून तो इवलासा तुकडा फेकू नका, तो कुणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या. दूध ओतल्यावर आत दोन चमचे पाणी घालून हलवा आणि ते पातेल्यातच ओता. मग पिशवी एका बाजूनं उभी कापून उघडा, भांडी विसळलेल्या शेवटच्या पाण्यात बुडवून दोरीला चिमटा लावा. आपल्या उन्हात दहा मिनिटांत वाळते. वाळलेल्या पिशव्या उशीच्या अभ्र्यात भरत गेलात तर महिन्याच्या सगळ्या पिशव्या वीतभर जागेत मावतात. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते, आणि मग सगळं गाठोडंच आंबतं. “सासूबाई घाण साठवतात” असं सुनांना वाटतं ना, ते बहुतेक वेळा याच ओलीमुळं.

पातळ पिशव्या आता घरात यायलाच नकोत. राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी भाजीसोबत येतातच. दाराच्या आत खुंटीला कापडी पिशव्या लटकवा, कपाटात नको. बाहेर पडताना डोळ्यांसमोर दिसली तरच हात जातो.

कापडाविषयी मी थोडी हळवी आहे, सांभाळून घ्या. सोलापुरी चादर जुनी झाली म्हणजे संपली असं आमच्या घरात कधीच झालं नाही. अंगावरून ती खाली अंथरायला यायची, मग उन्हाळ्यात गच्चीवर पापड-सांडगे वाळत घालायला, मग फाटकी बाजू कापून मधला चांगला भाग माठाभोवती गुंडाळायला. उरलेल्याची पायपुसणी, आणि शेवटी विरलेल्या चिंध्या बारीक करून खतात. सुती कापड मातीला मिळतं. जुन्या सुती साड्यांचे थर घालून वाकळ शिवली तर ती दहा वर्षं जाते, आणि सासूबाईंना वाकळ येत असेल तर ती आत्ताच शिकून घ्या. टाका लांब, ओळी सरळ, आणि आधी चारी कडा टाचून घ्यायच्या, नाहीतर आतला थर गोळा होतो.

पण हे सगळं सुती कापडाचं. आजकाल बाजारात चादरीसारखं दिसणारं सगळं सुती नसतं. कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून काडी लावा. जळक्या कागदाचा वास आला आणि बोटांत चुरगळणारी मऊ राख उरली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. ते पाणी टिपत नाही, पायपुसण्याला उपयोगी नाही आणि खतात कधीच जिरत नाही. ते कापड बोहारणीला देऊन भांडं घ्यावं. विकत घेतानाच ही काडीची परीक्षा केली तर उत्तम. थोडी महाग पण सुती चादर घेतली की तिच्या पुढच्या चार जन्मांचे पैसेही वसूल होतात.

स्वयंपाकघरात तर आपल्या आज्यांनी सगळं आधीच करून ठेवलंय. कडक भाकरी आणखी कशाला असते? पाणी काढून घेतलं की अन्न टिकतं, हेच तर तिचं तत्त्व. उरलेल्या मऊ भाकरीचे तुकडे उन्हात वाळवून ठेवा, आमटीत कुस्करून खाता येतात. शिळ्या भाकरीचे फोडणीचे कुटके करा, उरलेलं वरण धपाट्यांच्या पिठात मळा. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या ठेच्यात. ज्वारी वर्षाची एकदम घेणाऱ्यांनी ती नीट वाळवून पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. इथंही पुन्हा ओलच शत्रू, दाणा ओला राहिला की बुरशी आणि किडे. तळणीचं तेल मोरीत ओतू नका, गार झालं की त्याचा थर नळीत धरतो. थोडंच उरेल एवढंच कढईत घ्या आणि उरलेलं जुन्या कागदानं टिपून घ्या.

घातक वस्तूंचं थोडक्यात. बॅटरीचे सेल, सीएफएलचे दिवे, फुटलेला तापमापक, उरलेली औषधं यांचा झाकणाचा वेगळा डबा करा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा, आणि भरला की गाडीवर वेगळा द्या. सीएफएलमध्ये पारा असतो, म्हणून तो दिवा फुटू देऊ नका. पॅड-डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण करा. कचरा वेचणाऱ्या बायका नुसत्या हातांनी पिशव्या उघडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि पालापाचोळ्यासोबत प्लास्टिक पेटवायचं नाही, तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा नुसतं वजन. दुसऱ्यात दुधाच्या पिशव्या आणि कॉटखालचे तीन ढीग, सासूबाईंना पुढं करून. तिसऱ्यात बादली गोणपाटावर पालथी करून जिन्याखाली पुन्हा लावा. पंधरा दिवसांनी हात घालून बघा, मुठीत लाडू वळला आणि मातीचा वास आला की मला लिहा, खत कधी आणि कसं चाळायचं ते तेव्हा सांगते.